सुनंदाकाकूंची सातवी गोळी

त्या दिवशी सकाळी मी सुनंदाकाकूंची गोधडी रस्त्यात पाडली. मुद्दाम नव्हे. स्कूटरच्या कॅरियरला ती बांधायचं काम माझ्याकडे होतं, आणि मी मारलेली गाठ माझ्या मते पक्की होती. सुभानपुऱ्यातून निघालो तेव्हा गोधडी होती. गोरव्याच्या भाजीवाल्यांतून वाट काढताना बहुधा होती. नेमबाजीच्या मैदानावर पोचून स्कूटर स्टँडवर लावली, मागे पाहिलं, तर कॅरियरवर नुसती सुतळी. गाठ मात्र जशीच्या तशी.

काकू उतरल्या. त्यांनी सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"गाठ छान मारलीस हो, अभिजित."

"काकू, मी आत्ता मागे जाऊन शोधून आणतो."

"आणि कुठल्या म्हशीच्या अंगाखालून ओढून काढणार? राहू दे. साडेअकराला पहिला कागद आहे."

गोधडी साधी नव्हती. चार जुनी नऊवारी लुगडी आणि यजमानांच्या, वसंतकाकांच्या, रेल्वेच्या गणवेशातली दोन लोकरी पाटलोणी एकावर एक घालून काकूंनी ती स्वतः शिवली होती, आणि कोपरं टेकतात तिथे आणखी दोन थर दिले होते. पालथं पडून रायफल मारायची तर अंगाखाली असं काहीतरी लागतं. इतर मेंबरांकडे दुकानातल्या रबरी चटया होत्या. काकूंच्या गोधडीला मात्र फिनेलच्या गोळ्यांचा आणि थोडा दारूगोळ्याचा वास यायचा. सतरा वर्षं त्या तिच्यावर पडून नेम धरत होत्या, आणि मी ती एका सकाळीत गोरव्याला दान केली.

आमच्या शेजारच्या बंगलीत राहणाऱ्या सुनंदा शिर्के तेव्हा बावन्न वर्षांच्या होत्या. साल पंच्याण्णव. बडोद्याच्या टेलिफोन खात्यात त्या ट्रंक ऑपरेटर. ज्यांना ट्रंक कॉल माहीत नाही त्यांना सांगतो: परगावी फोन लावायचा तर आधी काकूंना सांगावं लागे, मग तास दोन तास घरातली सगळी माणसं फोनभोवती बसत, आणि अखेर काकूंचा आवाज येई, "बोला, पुणे लागलंय." माझं लग्न ठरलं ते काकूंनी जोडलेल्या सहा मिनिटांत. शहरातल्या निम्म्या घरांतली बारशी, बारावी आणि भांडणं त्यांच्या कानावरून गेली होती, पण काकूंच्या तोंडून त्यातलं एक अक्षर कधी कुणी ऐकलं नाही. मी एकदा लाडीगोडीने विचारून पाहिलं होतं. "लाईन खराब होती, काही ऐकू आलं नाही," म्हणाल्या.

पण त्या वर्षापर्यंत कोपऱ्याकोपऱ्यावर एस.टी.डी.ची पिवळी पाटी लागली होती. लोक आपला नंबर आपणच फिरवू लागले आणि आपणच चुकीचा लावू लागले. काकूंच्या बोर्डावर दिवसाला आठ-दहा कॉल यायचे, तेही बहुतेक सवयीमुळे. उरलेल्या वेळात काकू खुर्चीत ताठ बसून श्वास रोखायचा सराव करत. शेजारच्या बोर्डावरच्या कोमलबेन आधी घाबरायच्या, नंतर घड्याळ लावून मोजू लागल्या.

नेमबाजी कॉलेजातली, एन.सी.सी.तली. मग लग्न झालं, मुली झाल्या, आणि पस्तिसाव्या वर्षी धाकटी शाळेत जायला लागल्यावर काकू एके दिवशी पदर खोचून सरळ क्लबात गेल्या आणि म्हणाल्या, मला मेंबर व्हायचंय. तिथल्या मंडळींना वाटलं, या भांडी विकायला आल्यात.

हा क्लबही मोठा मजेचा. शहराबाहेर बाभळींना लागून एक मोकळं मैदान, पन्नास मीटरवर मातीचा बांध, बांधासमोर पाट्यांवर लावलेले कागद. वर्षाची मोठी मॅच मे महिन्यात, भर दुपारी. का, तर म्हणे संस्थानच्या काळात साहेबलोक उन्हाळ्यात डोंगरावर जायचे आणि कचेऱ्या सकाळच्या असायच्या. कारकून अकराला मोकळे. मग बंदुका कारकुनांच्या हाती येत. तेव्हापासून तिचं नाव कारकुनांची मॅच, आणि तेव्हापासून ती मे महिन्यातच, साडेअकरालाच. ती जानेवारीत घ्यावी असा ठराव दर वर्षी येई आणि अध्यक्ष जगदेवराव घोरपडे, वय ब्याऐंशी, तो दर वर्षी एकाच वाक्यात फेटाळत: "जानेवारीत काय, कुणीही मारील!"

बक्षीस एकच. जर्मन. क्लबात सात रायफली होत्या. सहा देशी, ज्यांचा घोडा ओढताना विहिरीवरचा हातपंप आठवायचा. आणि एक जर्मन, जिचा घोडा, काकू म्हणायच्या, मनात आलं की सुटतो. मॅच जिंकणाऱ्याला ती वर्षभर वापरायला मिळे. ती क्लबाच्या कपाटातच राहायची, पण त्या वर्षात दुसऱ्या कुणाचा हात तिला लागायचा नाही, आणि राज्याच्या स्पर्धेला जिंकणारा तिलाच घेऊन जायचा. गेली चार वर्षं ती जयवंतराव मान्यांकडे होती. चारही वर्षं काकू दुसऱ्या. हातपंपावर दुसऱ्या.

त्या मार्चमध्ये काकूंच्या उजव्या डोळ्यात मोतिबिंदूची सुरुवात निघाली. डॉक्टर म्हणाले, घाई नाही, दोन-तीन वर्षं सहज. काकूंनी ती दोन-तीन वर्षं बोटांवर मोजली आणि त्यातलं एक तरी जर्मनबरोबर काढायचं ठरवलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, वसंतकाकांनी सांगितलं. ते नोकरीतून रिटायर झाले होते आणि पडल्या पडल्या छताकडे बघत खरं बोलायचे. "तिला मूल होताना इतकी काळजी नव्हती रे. जा तू बरोबर. मी आलो तर मलाच चक्कर येईल आणि तिचं लक्ष माझ्याकडे जाईल."

म्हणून मी मदतनीस. कामं तीन: गोधडी बांधणे, पाणी पाजणे आणि मागे स्टुलावर बसून दुर्बिणीतून पाहणे. पहिल्या कामाचं झालं ते सांगितलंच.

त्या दिवशी पारा चव्वेचाळीसवर होता. वारा सुटला होता, पण तो वारा म्हणायचा एवढंच. भट्टीचं दार उघडून कुणी पंखा लावावा तसा. बाभळीखाली क्लबाची दोन कुत्री जिभा जमिनीवर पसरून पडली होती. नेमबाजांनी पडायचा ओटा सिमेंटचा. त्यावर छासचा, म्हणजे ताकाचा, थेंब सांडला तर दिसेनासा व्हायचा. काकूंनी चौकीदाराकडून तांदळाची दोन रिकामी पोती मागून घेतली, हौदात बुडवून पिळली, दुहेरी अंथरली आणि त्यावर पालथ्या पडल्या. पोत्यांतून वाफ निघाली.

"काकू, कोपरं भाजतील."

"भाजू देत. तू मृगजळ बघ."

हे मृगजळ बघणं म्हणजे तिथली खरी विद्या. तापलेल्या जमिनीवरची हवा दुर्बिणीतून पाण्यासारखी वाहताना दिसते. ती डावीकडून उजवीकडे वाहत असेल तर वाराही तसाच, गोळी थोडी उजवीकडे सरकणार. ती सरळ वर उकळायला लागली की वारा थांबला, मारून घ्यायचं. नवखे लोक झाडाचं पान हललं की वारा ओळखतात. काकू म्हणायच्या, पान हलेपर्यंत उशीर झालेला असतो.

पहिल्या दोन कागदांत काकू जयवंतरावांच्या दोन गुणांनी पुढे होत्या. चार वर्षांत पहिल्यांदा. राहिला तिसरा कागद, दहा गोळ्या, अर्धा तास. कोण कुठल्या नंबरवर ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. दोन नंबरवर दीनानाथ आले, तीनवर जयवंतराव, चारवर काकू. हे दीनानाथ विमा कंपनीतले, स्वभावाने सोनं, आणि नेमबाज म्हणून अख्ख्या मैदानाला धोकादायक. त्यांच्या दहातल्या तीन गोळ्या कागदाला लागत, बाकीच्या बांधाला. एकदा त्यांनी चौकीदाराचा माठ फोडला होता, आणि तो माठ बाजूला होता.

"दीनानाथ, आज माझ्या बाजूला बघूही नका," जयवंतराव म्हणाले.

"अहो, मी तुमच्याकडे बघून मारलं तर तुम्ही सुरक्षित," दीनानाथ म्हणाले, आणि यात खोटं काही नव्हतं.

जगदेवरावांनी शिट्टी वाजवली. "चालो, शरू!"

मी दुर्बिणीला डोळा लावला, आणि त्यानंतरचा बराच वेळ मी नक्की कुठे होतो हे मला आजही सांगता येणार नाही. दुर्बिणीत मैदान नव्हतंच. नदी होती. उन्हाची, पातळ, चकाकणारी नदी उजवीकडे चालली होती, आणि तिच्यात पाच पांढरे कागद, मधोमध काळा चांद असलेले, कमळांसारखे तरंगत होते. कधी ते उंच व्हायचे, कधी आडवे पसरायचे, कधी दोघं एकमेकांजवळ येऊन कुजबुजून परत जायचे. वरच्या नंबरांच्या पाट्या पाण्यात विरघळत होत्या. चारचा आकडा क्षणात चार असे, क्षणात नुसता काळा धूर. अधूनमधून टप्प असा आवाज येई, कुणीतरी फार लांब, दुसऱ्या कुठल्या गावात, दार लावत असल्यासारखा. टप्प. काकूंचा श्वास आत, अर्धा बाहेर, स्थिर. टप्प.

मला वाटलं, हे सगळं मी लहानपणी ताप आला असताना पाहिलंय. तेव्हाही छत असंच वाहायचं, आणि आईचा हात कुठूनतरी पाण्यातून यावा तसा कपाळावर यायचा. मग वाटलं, पूर्वीचे ते कारकूनही इथेच पालथे पडत असतील, पगड्या बाजूला काढून. फडताळातल्या फायली, साहेबांच्या सह्या, घरातलं कर्ज, सगळं मागे ठेवून उन्हाच्या या नदीकाठी. मला त्यांच्या पगड्यांची रांग दिसलीसुद्धा. एकीवर चिमणी बसली होती. मी तिला हाकलणार, तेवढ्यात जाग आली.

काकूंनी रायफल खाली ठेवली होती आणि कपाळ हाताच्या घडीवर टेकलं होतं.

"काकू? पाणी?"

"नको."

"किती झाल्या?"

"सात."

"वारा थांबलाय. वर उकळतंय."

"दिसतंय मला."

तरी त्या उठल्या नाहीत. मिनिट गेलं, दोन गेली. शेजारी जयवंतरावांची टप्प, पलीकडे दीनानाथांची, आणि बांधातून मातीचा एक फवारा. मला वाटलं ऊन लागलं. पाठीवर ब्लाउज घामाने काळा पडला होता. मी तांब्या घेऊन वाकलो, तर काकूंचे डोळे सताड उघडे होते आणि त्या सिमेंटकडे बघत होत्या, ट्रंकच्या बोर्डावर एखादी फार दूरची लाईन लागायची वाट बघावी तशा. मग त्यांनी रायफल खांद्याला लावली. आठ, नऊ, दहा. तिन्ही सावकाश. तिन्हींच्या वेळी मी जागा होतो, हे मुद्दाम नमूद करतो.

कागद आणले गेले. सगळे बाभळीखाली जमले. जगदेवरावांनी खिशातून भिंग काढलं. काकूंच्या कागदावर नऊ भोकं होती. त्यातली बरीचशी मध्यात, एकात एक मिसळलेली, उंदराने पोळी कुरतडावी तशी. जयवंतरावांच्या कागदावर अकरा. दीनानाथांच्या कागदावर दोन.

जगदेवराव हसले. "दीनानाथ, पाहुणे म्हणून गेला होतात वाटतं तीन नंबरवर?"

दीनानाथांनी हात जोडले. "असेल हो. माझीच असेल. माफ करा, जयवंतराव."

"माफ कसलं? मधोमध लागलीय!" जयवंतराव म्हणाले. "आयुष्यात पहिल्यांदा दीनानाथांची गोळी मधोमध लागली, आणि तीही माझ्या कागदावर!"

सगळे हसले. दीनानाथही हसले, पण त्यांनी तो कागद हातात घेतला, ते भोक बोटाने चाचपलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे काही उमटलं ते मी सुनेच्या डोहाळजेवणाला सासऱ्याच्या चेहऱ्यावर पाहिलंय.

नियम असा की कागदावर जास्त भोकं निघाली तर मालकाला त्यातली चांगली दहा मिळतात. आणि काकूंच्या नऊ भोकांचं? जगदेवरावांनी ते मधलं कुरतडलेलं भोक उजेडात धरलं. भिंगातून बघितलं, भिंगाशिवाय बघितलं.

"इथून दोन गेल्यात. एकाच वाटेने. अशी नेमबाजी मी कधीतरी तरुणपणी पाहिली होती." त्यांनी भिंग पुसलं. "दहाच्या दहा मांडतो मी. सुनंदाबाई चार गुणांनी पुढे. जर्मन तुमची."

टाळ्या पडल्या. जयवंतरावांनी सगळ्यात आधी वाजवल्या, मोठ्या मनाने. चौकीदार कपाटातून जर्मन घेऊन आला आणि त्याने ती काकूंच्या हातात दिली. काकूंनी ती घेतली. दस्त्यावरून, नळीवरून हात फिरवला, घोड्यावर बोट नुसतं टेकवलं. मला वाटतं एक मिनिटभर जर्मन त्यांचीच होती. बाभळीतून उन्हाचे कवडसे पडले होते, वारा थांबला होता, आणि मला पुन्हा ती नदी दिसायला लागली होती.

मग काकूंनी रायफल जयवंतरावांपुढे धरली.

"हे काय, बेन?" जयवंतराव गोंधळले.

"ती अकरावी माझी आहे."

"अहो, दीनानाथ म्हणतायत ना..." जगदेवराव म्हणाले.

"दीनानाथ काहीही म्हणतील, ते भले गृहस्थ आहेत. ती माझी सातवी. पाट्या वाहत होत्या. गोळी सुटली तेव्हा वर तीन दिसलं. एका भोकातून दोन गेलेल्या नाहीत, माझ्या कागदावर नऊच आहेत."

"अहो पण सुनंदाबाई, दिसलं म्हणजे काय, या उन्हात कुणाला काय दिसेल सांगता येतं का? मलाच मघाशी चौकीदार दोन दिसले."

"मला आकडा एकच दिसला," काकू म्हणाल्या. "तीन."

जगदेवरावांनी भिंग घडी घालून खिशात ठेवलं, ते घडीचं नव्हतं तरी. दहा गुण वजा. काकू सहाने मागे. जयवंतरावांनी जर्मन हातात घेतली, पण ती कशी धरायची हे चार वर्षांनी विसरल्यासारखी. "बेन, ही तुम्ही वापरा. मी कुणाला बोलणार नाही," ते हळूच म्हणाले.

"क्लबाचा नियम आहे, जयवंतराव. जिंकणाराच वापरतो."

सगळ्यांत वाईट अवस्था दीनानाथांची झाली. ते कोपऱ्यात कागद घेऊन उभे होते. "म्हणजे," ते मला म्हणाले, "माझी ती मधोमधची..." मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, कागद जयवंतरावांना परत दिला, आणि मला वाटतं त्या दुपारी दोन माणसं हरली, त्यातलं एक कुणाच्या लक्षात आलं नाही.

परत निघालो तेव्हा दोन वाजून गेले होते. रस्ता पांढरा पडला होता. काकूंच्या दोन्ही कोपरांवर लाल चट्टे आले होते. चौकीदाराने हळद-तेल लावून दिलं होतं, त्याचा पिवळा डाग माझ्या शर्टाच्या पाठीला लागत होता. पुढे डांबरावर पुन्हा पाणी साचल्यासारखं दिसे, आपण जवळ जावं आणि ते आणखी पुढे सरकावं. आम्ही दोघं त्या पाण्यामागे बराच वेळ चाललो होतो.

मी बोलका माणूस. गप्प बसणं मला जड जातं. कुणाला कळलं असतं, हे विचारायचं माझ्या जिभेवर आलं होतं, पण ते विचारण्याइतका मीही मठ्ठ नाही. मग मी सांत्वनाला लागलो. म्हटलं, काकू, गोळी मधोमध लागली हे तर खरं. कागद चुकला, नेम चुकला नाही. म्हटलं, जगदेवरावांचे डोळे भरून आले होते. म्हटलं, शेवटी रायफल म्हणजे काय, लोखंड आणि लाकूड. सुभानपुऱ्याच्या वळणावर मला राहवलं नाही. स्कूटर हळू केली आणि मान वळवून विचारलं, "काकू, खरं सांगा, फार वाईट वाटत नाहीये ना?"

"वाटतंय, आणि वर्षभर वाटणार आहे."